गेटवेजवळचे चार नोड

बटाट्याचा करपा आणि संत्र्याचा डिंक्या या दोन रोगांच्या मुळाशी एकाच कुळातला जीव आहे, फायटोप्थोरा. १८४५ पासून आयर्लंडमध्ये जो भीषण दुष्काळ पडला, तो या कुळातल्या एका जातीने बटाट्याची शेतं नासवल्यामुळे. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात याच कुळातल्या दुसऱ्या जाती झाडाच्या बुंध्यातून डिंक ओघळायला लावतात, मुळं कुजवतात आणि बघता बघता बगीचा वाळवतात. दोन्हीकडे रोगाला लागते ती रेंगाळलेली ओल. ही ओल कुठे आहे, किती आहे आणि किती तास टिकली हे वेळीच कळलं, तर फवारणी नेमकी होते, पाणी आवरता येतं, बुंध्याला बोर्डो पेस्ट वेळेवर लागते. शेतातल्या सेन्सर नेटवर्ककडून असलेली अपेक्षा थोडक्यात एवढीच आहे.

२००५ च्या उन्हाळ्यात नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी ती बटाट्याच्या शेतात तपासून पाहिली. शंभराच्या आसपास नोड लावले. प्रत्येक नोड म्हणजे एक छोटा सेन्सर, एक प्रोसेसर, एक रेडिओ आणि बॅटरी. पिकातलं तापमान आणि आर्द्रता मोजायची आणि ती नोंद एका नोडने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला देत गेटवेपर्यंत, म्हणजे सगळ्या नोंदी गोळा करणाऱ्या केंद्रापर्यंत पोहोचवायची, असा बेत होता. हंगाम संपला तेव्हा अपेक्षित नोंदींपैकी जेमतेम २ टक्के हाती आल्या होत्या. या अपयशाची कारणं अनेक होती. सॉफ्टवेअरचे भाग एकमेकांशी नीट जुळलेले नव्हते. नवा प्रोग्रॅम हवेतूनच सगळ्या नोडना पोहोचवण्याची जी सोय केली होती, तिनेच नोडना जागं ठेवलं आणि बॅटऱ्या भराभर संपल्या. गटाचे प्रमुख कोएन लांगेनडूएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हे सगळं मोकळेपणाने शोधनिबंधात मांडलं. यशाच्या गोष्टींनी भरलेल्या या क्षेत्रात तो निबंध आजही आवर्जून वाचला जातो, आणि वाचलाच पाहिजे. सेन्सर स्वस्त आहे, रेडिओ स्वस्त आहे. नोंदी शेवटपर्यंत पोहोचवणं महाग आहे, हे त्यातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्या पाठ्यपुस्तकातून दिसत नाही.

पुढच्या पानांचा विषय या पोहोचवण्याच्या कामातला एक भाग आहे: नोंदींच्या वाहतुकीचं ओझं नोडांमध्ये कसं वाटायचं. विषय ऐकायला तांत्रिक वाटतो. पण अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या एखाद्या वावरात सेन्सर लावायचे म्हटलं, की पहिल्या महिन्यातच तो समोर उभा राहतो.

ओझं मुळात असमान का होतं, हे समजायला पूर्णा नदी पुरेशी आहे. गाविलगडच्या डोंगरांतून शहानूर, चंद्रभागा, सापन येतात. दक्षिणेकडून पेढी, काटेपूर्णा, मोर्णा, मन येऊन मिळतात आणि सगळ्यांचं पाणी घेऊन पूर्णा चांगदेवजवळ तापीत जाते. सेन्सर नेटवर्कमधल्या नोंदीही अशाच वाहतात: टोकाच्या नोडांकडून आतल्या नोडांकडे, तिथून गेटवेकडे. फरक असा, की नदी खाली जाते तसं तिचं पात्र रुंदावतं. गेटवेजवळच्या नोडचं पात्र रुंदावत नाही. टोकाच्या नोडला जी बॅटरी, जो रेडिओ आणि जेवढी स्मृती असते, तेवढंच त्याच्याकडे असतं.

आकड्यांत बघू. मध्यभागी गेटवे, त्याभोवती अडीचशे मीटर त्रिज्येचं वर्तुळ, म्हणजे सुमारे साडेएकोणीस हेक्टरांचा बगीचा. त्यात १०० नोड सारख्या अंतराने पसरले आहेत आणि प्रत्येकाचा आवाका ५० मीटर आहे. म्हणजे पन्नास-पन्नास मीटरची पाच कडी झाली. क्षेत्रफळाच्या हिशेबाने सर्वांत आतल्या कड्यात ४ नोड येतात, दुसऱ्यात १२, तिसऱ्यात २०, चौथ्यात २८ आणि पाचव्यात ३६. प्रत्येक नोड तासाला एक नोंद पाठवतो. बाहेरच्या कड्यातला नोड तासाला आपली एकच नोंद पाठवून मोकळा होतो. तिसऱ्या कड्यातल्या नोडला सरासरी चारच्या वर नोंदी पाठवाव्या लागतात, दुसऱ्या कड्यातल्याला ८. आणि आतल्या चौघांना? सगळ्या शंभर नोंदी त्यांच्यामधूनच जाणार, म्हणजे प्रत्येकी २५. त्यातली एक स्वतःची, बाकीच्या चोवीस दुसऱ्यांच्या.

या चौघांतला एक बंद पडला की उरलेल्या तिघांवर ३३ नोंदी येतात. दुसरा गेला की दोघांवर ४९. मग उरतो एकटा, ९७ नोंदींसह. तोही थांबला, की बाहेरचे ९६ नोड भरलेल्या बॅटऱ्यांसह जिवंत असतात, ओल मोजतही असतात, पण त्यांचं ऐकणारं कुणी उरत नाही. संशोधक याला ऊर्जेचं विवर म्हणतात. नोड सारखे पसरलेले असतील तर नेटवर्क थांबतं तेव्हा एकूण ऊर्जेपैकी ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा न वापरता पडून राहू शकते, असं या विषयावरच्या शोधनिबंधांत दाखवलेलं आहे. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं, तर शंभर नोडांचे पैसे गेले आणि चार नोडांचं आयुष्य मिळालं.

इथे एक खुलासा लगेच करायला हवा, कारण पुष्कळ प्रकल्प याच ठिकाणी फसतात. ओझं म्हणजे किती नोंदी पुढे पाठवल्या एवढंच नव्हे. संशोधनात वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या सीसी२४२० या रेडिओ चिपचे आकडे पाहा. पूर्ण ताकदीने बोलताना ती १७.४ मिलिअँपिअर वीज घेते आणि ऐकताना १८.८. ऐकणं बोलण्यापेक्षा महाग आहे! अडीच हजार मिलिअँपिअर-तासांच्या पेन्सिल सेलवर हा रेडिओ सतत कान देऊन बसला, तर साडेपाच दिवसांत खेळ आटोपतो. म्हणून नोडला झोपवावं लागतं. शंभरातला एक भाग जागा आणि नव्व्याण्णव भाग झोपलेला अशी पाळी लावली, तर रेडिओपुरता तोच सेल वर्ष-दीड वर्ष पुरू शकतो. पण गेटवेजवळच्या नोडला इतकं झोपून चालत नाही, कारण चोवीस जणांच्या नोंदी त्याच्या दारात यायच्या असतात. त्याची झोपमोड हेच त्याच्यावरचं खरं ओझं आहे. शेजारच्याची नोंद आपल्यासाठी नसतानाही कानावर पडते, त्यातही वीज जाते. हे लक्षात न घेता केवळ नोंदी मोजून केलेली वाटणी कागदावर समतोल दिसते आणि शेतात मोडते.

वाटणीची पहिली गाजलेली कल्पना २००० साली अमेरिकेतल्या एमआयटीमधून आली. वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी लीच नावाची पद्धत मांडली. नोडांचे गट करायचे, प्रत्येक गटाला एक प्रमुख नेमायचा, गटाच्या नोंदी त्याने गोळा करून, आटवून एकाच पाकिटात पुढे पाठवायच्या. आणि महत्त्वाचं म्हणजे प्रमुखपद कुणा एकाकडे ठेवायचं नाही, ते फिरवत राहायचं. नोंदी आटवण्याला आधार होता तो साध्या तुलनेचा. त्याच वर्षीच्या एका प्रसिद्ध हिशेबानुसार एक किलोबिट माहिती १०० मीटर दूर पाठवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात प्रोसेसर सुमारे ३० लाख सूचना पार पाडतो. तेव्हा चार नोंदींची सरासरी काढून एक पाठवणं नेहमीच परवडतं. लीचच्या गृहीतकांत मात्र दोन गोष्टी होत्या: प्रत्येक नोड सुरुवातीला सारख्याच ऊर्जेचा असतो आणि वेळ पडली तर थेट मुख्य केंद्रापर्यंत बोलू शकतो. संत्र्याच्या बगीच्यात यातलं दुसरं गृहीतक क्वचितच टिकतं.

पुढे आयईटीएफ या इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने मार्च २०१२ मध्ये कमी ताकदीच्या जाळ्यांसाठी आरपीएल नावाचा नियमसंच प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक नोड गेटवेच्या दिशेचा आपला एक पालक निवडतो. कुठल्या कसोटीवर निवडायचा, हे नेटवर्क उभारणाऱ्यावर सोडलेलं आहे: किती टप्पे लागतात, दुवा किती भरवशाचा आहे, पालकाची बॅटरी किती उरली आहे. बहुतेक जण दुव्याचा भरवसा बघतात आणि थांबतात. त्यामुळे ज्या नोडचा सिग्नल चांगला, त्याच्याकडे सगळी मुलं धावतात आणि चांगला असणं हाच त्याचा दोष ठरतो. मग कुणी सुधारणा करतं, पालकाचं ओझंही मोजायला लागतं. तेव्हा दुसरी अडचण येते. एकावर गर्दी झाल्याचं कळताच सगळी मुलं एकदम शेजारच्याकडे जातात, तिथे गर्दी झाली की पुन्हा सगळी परत फिरतात. या येण्याजाण्याचे निरोपही रेडिओवरूनच जातात, म्हणजे ओझं वाटण्याच्या नादात ओझं वाढतं. यावरचा उपाय धीराचा आहे. नवा पालक थोडासा बरा असून चालणार नाही, ठरलेल्या मर्यादेइतका सरस असेल तरच बदल करायचा. ही मर्यादा किती ठेवावी यावर पुढे एक अख्खं प्रकरण आहे, आणि ते त्या लांबीच्या लायकीचं आहे.

महाराष्ट्रात हे सगळं प्रयोगशाळेबाहेर आणण्याचा एक आरंभीचा प्रयत्न नाशिकला झाला. आयआयटी मुंबईच्या गटाने सुलाच्या द्राक्षबागेत अ‍ॅग्रिसेन्स नावाची व्यवस्था बसवली. मातीची ओल, पानांवरचा ओलावा, तापमान यांच्या नोंदी वायरलेस नोडांतून गोळा करून पुढे मोबाइल नेटवर्कने पाठवायच्या. द्राक्षावरच्या डाऊनी या रोगात पान किती तास ओलं राहिलं याला महत्त्व असतं, त्यामुळे पीक अचूक निवडलं होतं. पण द्राक्षबाग मांडवावर असते, ओळी सरळ असतात आणि आडवं काही येत नाही. संत्र्याची झाडं सहा-सहा मीटरवर असली, तरी वाढलेल्या बगीच्यात घेर एकमेकांना भिडतात. दाट ओली पानं २.४ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल पिऊन टाकतात. त्यामुळे नाशिकची मांडणी उचलून शेंदुरजना घाटच्या बगीच्यात जशीच्या तशी ठेवता येत नाही.

मग वऱ्हाडात आज प्रत्यक्ष काय आहे? सगळ्यांत मोठं जाळं आहे ते महावेधचं. राज्य शासनाने स्कायमेटबरोबर २०१७ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात महसूल मंडळागणिक एक, अशी राज्यभर २,०६५ स्वयंचलित हवामान केंद्रं उभी करायचं ठरलं. तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस यांच्या नोंदी ही केंद्रं दर दहा मिनिटांनी देतात. इथे प्रत्येक केंद्र मोबाइलच्या मनोऱ्याशी थेट बोलतं, दुसऱ्याच्या नोंदी वाहत नाही. ओझ्याचा प्रश्न या रचनेने सोडवला असं वाटेल, पण तो तिने दुसरीकडे सरकवला आहे. प्रत्येक केंद्राला स्वतःचं सिम, स्वतःची सौर पाटी, स्वतःची देखभाल लागते, म्हणून केंद्रं विरळ ठेवावी लागतात. फळपीक विम्याची भरपाई या केंद्रांच्या नोंदींवर ठरते, आणि केंद्र कोरडं राहिलं पण आपल्या शिवारात गारपीट झाली, ही तक्रार विरळपणातूनच जन्मते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या विंड्स या कार्यक्रमात पर्जन्यमापक ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचा विचार आहे. जाळं दाट झालं, की कुणाच्या नोंदी कुणी वाहायच्या हा प्रश्न परत येणारच, विशेषतः मेळघाटात, जिथे कित्येक गावांना मोबाइलची रेंज मिळत नाही आणि एका टेकडीआड दुसरी टेकडी आहे.

मधला मार्ग म्हणून हल्ली लोरा हे तंत्र पुढे येतं. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, आणि मोकळ्या मैदानात लोराचा नोड काही किलोमीटर दूरच्या गेटवेशी थेट बोलतो. टप्पे नाहीत म्हणून वाहतूक नाही, असा समज त्यामुळे पसरलेला दिसतो. वाहतूक आहे, पण ती हवेत आहे. दूरचा नोड हळू बोलतो. लोरात वेगाच्या सहा पायऱ्या वापरल्या जातात; एकेक पायरी खाली उतरताना तीच नोंद पाठवायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, आणि सर्वांत संथ पायरीवर तो वेळ सर्वांत जलद पायरीच्या वीसपटींहून जास्त होतो. तेवढा वेळ त्या वाहिनीवर त्याच पायरीने दुसरं कुणी बोललं तर दोघांच्याही नोंदी जातात. म्हणजे इथे गेटवेजवळचा नोड सुखी आणि शिवाराच्या टोकाचा नोड दमलेला, अशी उलटी विषमता येते. वाटणीचं काम संपत नाही, फक्त दिशा बदलते. अशा ठिकाणी एक जादा गेटवे उंचावर बसवणं हे कुठल्याही हुशार प्रोग्रॅमपेक्षा जास्त कामाचं ठरतं.

वऱ्हाडाची माती या सगळ्याला आपले नियम जोडते. काळी कसदार जमीन उन्हाळ्यात फाटते. हाताचा पंजा आत जाईल अशा भेगा पडतात. ओल मोजणाऱ्या सेन्सरशेजारी भेग पडली की त्याचा मातीशी संबंध तुटतो आणि तो हवा मोजू लागतो. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी पसरलेल्या खारपाणपट्ट्यात मातीतले क्षार विद्युतधारितेवर चालणाऱ्या स्वस्त सेन्सरना चकवतात, जमीन आहे त्यापेक्षा ओली भासते. अकोल्याचा मे महिना पारा पंचेचाळीसच्या पुढे नेतो. बंद डबीत ठेवलेला नोड त्याहून तापतो, त्याच्यातलं घड्याळ भरकटतं, आणि ठरल्या क्षणी जागं व्हायचं हा करार दोन नोडांमध्ये पाळला जात नाही. पाठवणारा बोलून जातो, ऐकणारा झोपलेला असतो, मग तीच नोंद पुन्हा, पुन्हा. अशा पुनरावृत्तींचं ओझं कुठल्याही आराखड्यात धरलेलं नसतं.

हंगामाप्रमाणे ओझं बदलतं, हेही इथलं वैशिष्ट्य. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत संत्र्याला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. तो किती द्यायचा हा बगीचेवाल्याच्या आयुष्यभराच्या अनुभवाचा विषय आहे: कमी पडला तर फुलोरा येत नाही, जास्त झाला तर पानगळ होते आणि झाड खचतं. त्या काळात मातीची ओल दिवसागणिक हळूहळू उतरते. दर दहा मिनिटांनी तोच आकडा पाठवण्यात काही हशील नसतं, दिवसातून दोनदा पुरतं, आणि ओल ठरलेल्या मर्यादेखाली गेली तर मात्र ताबडतोब कळायला हवं. याच्या उलट जूनचा पहिला मोठा पाऊस. सगळ्या नोडांना एकाच मिनिटात सांगण्यासारखं काही असतं आणि सगळे एकदम बोलतात. टेलॉसबीसारख्या, संशोधनात पुष्कळ वापरल्या गेलेल्या नोडकडे १० किलोबाइट स्मृती असते. आतल्या कड्यातल्या नोडांत नोंदी साचतात, ओसंडतात आणि नेमका ज्या तासाचा हिशेब हवा तोच हरवतो. प्रत्येक नोडने थोडं वेगवेगळं थांबून बोलणं, मधल्या नोडांनी आकडे जोडून एकच बेरीज पुढे देणं, महत्त्वाच्या नोंदीला आधी वाट देणं, असे उपाय आहेत. ते पावसाच्या आधी बसवलेले असावे लागतात, एवढंच.

अकोल्याला १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीला १९६४ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, बडनेऱ्यापासून शेगावपर्यंत अभियांत्रिकी शिकवणाऱ्या संस्थांची रांग आहे. या विषयावर दरवर्षी विद्यार्थ्यांचे प्रकल्प होतात. त्यातले बहुसंख्य संगणकावर होतात: एनएस-२ सारख्या सॉफ्टवेअरमध्ये एक चौरस सपाट मैदान, त्यात विखुरलेले शंभर नोड, आणि आधीच्या पद्धतीपेक्षा आयुष्य इतके टक्के वाढल्याचा आलेख. त्या मैदानात झाड नसतं, धुरा नसतो, रानडुकरं नसतात, वायर कुरतडणारे उंदीर नसतात. आलेख चुकीचा नसतो, पण त्याचा वऱ्हाडाशी संबंध येत नाही. ज्ञान आहे, शेतं आहेत, अंतर तास-दोन तासांचं आहे. ते कापलं जात नाही याची मनापासून खंत वाटते. ही पानं लिहिली गेली ती त्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून.

या पानांतला आग्रह असा आहे, की ओझ्याची वाटणी प्रोग्रॅम लिहिताना नव्हे, नोड रोवताना सुरू करावी. सगळ्यांना सारखं ओझं देणं हे उद्दिष्ट नव्हे. ज्याची ताकद जास्त त्याच्यावर ओझं जास्त, हे उद्दिष्ट. वरच्या उदाहरणात आतल्या कड्यात चाराऐवजी आठ नोड ठेवले, तर दर नोडमागचं ओझं पंचविसावरून तेरावर येतं, आणि त्यासाठी शंभराला चारच नोड जास्त लागतात. ते आठ झाडांच्या सावलीत न ठेवता धुऱ्यावर, उघड्यावर, उंच पाइपावर ठेवले आणि प्रत्येकाला छोटी सौर पाटी दिली, तर झोपेचा हिशेबच बदलतो. गेटवे विहिरीवरच्या मोटारघरात ठेवण्याकडे सगळ्यांचा कल असतो, कारण तिथे वीज आहे. पण कृषिपंपांची वीज ठरावीक तास येते, त्यामुळे गेटवेलाही बॅटरी हवीच. आणि मोटारघर पुष्कळदा वावराच्या कोपऱ्यात असतं, म्हणजे गेटवेभोवती पूर्ण वर्तुळ न राहता पाव वर्तुळ उरतं आणि आतल्या कड्यात जागाच कमी पडते. गेटवे मध्यावर आणणं किंवा दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक बसवणं हा निर्णय नोडांची खरेदी करण्याआधी व्हायला हवा.

तसाच आणखी एक निर्णय पाहणीच्या वेळेचा. सिग्नल कुठवर पोहोचतो हे मे महिन्यात मोकळ्या वावरात मोजलं, तर सगळं छान दिसतं. नोव्हेंबरात तूर माणसाहून उंच झालेली असते, पऱ्हाटी बोंडांनी भरलेली असते आणि मे महिन्यातले निम्मे दुवे उरलेले नसतात. उरलेल्या दुव्यांवर सगळ्यांचं ओझं येतं. म्हणून मोजणी पीक सर्वांत दाट असताना करावी, शक्य तर सकाळी पानांवर दव असताना एकदा आणि दुपारी एकदा. पहिल्या प्रकरणात या मोजणीची रीत दिली आहे: कोणत्या उंचीवर अँटेना धरायचा, किती पाकिटं पाठवायची, कुठला दुवा भरवशाचा मानायचा आणि नकाशावर त्याची खूण कशी करायची.